निळ्या वेष्टणाखाली

बॅटरीच्या कारखान्यात खरेदी बघणारी वहिनी महिनाभर फोनला चिकटून होती. तिचा सख्खा दीर तिथेच तपासणीवर होता. त्याचं ऐकून सगळेच तिला वहिनी म्हणत. बॅटरीत बसवायचे सेल जिथून यायचे त्या देशाने निर्यात अडवली होती, दलाल रोज 'उद्या' म्हणत होते. विजेवर चालणाऱ्या बस बॅटरीविना रांगेत उभ्या होत्या. मालकांनी सांगून टाकलं होतं, माल आला नाही तर शनिवारपासून टाळं.

शुक्रवारी एका अनोळखी दलालाकडून माल आला. वहिनीचा जीव भांड्यात पडला.

दिराने एक सेल चार्ज करून पाहिला, मग सोलला. निळ्या वेष्टणाखाली दुसरं, करपलेलं वेष्टण निघालं.

"भंगारातल्या गाड्यांचे आहेत, वहिनी. चार्ज केले की तापतात. भरल्या बसमध्ये भडकले तर?"

"सगळेच तापतात का? चांगले निवड ना." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुझा भाऊ अंथरुणाला खिळलाय. घरात कमावणारे आपण दोघंच. जरा समजून घे."

"समजतंय. पण सही नाही करणार."

तिने त्याच्या हातातला सेल घेतला. तो अजून गरम होता. ती तशीच मालकांकडे गेली. "हे भंगारातले आहेत, तापतात, तपासणीची सही होणार नाही," ती म्हणाली.

मालकांनी सेलकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसवायला घ्या. त्याची सही नको, माझी चालेल."

वहिनी खाली आली. खोकी भरलेली ढकलगाडी तिने स्वतःच मागच्या उघड्या अंगणात नेली. दीर उरलेल्या ढकलगाड्या ओढू लागला. मग तिने भिंतीवरचा आगीचा पाइप उलगडला. आतून बायका, हमाल, सगळे बाहेर आले.

"आमच्या पोटावर पाय देताय, वहिनी," हमालांचा मुकादम म्हणाला. कालपर्यंत तो तिला डब्यातलं अर्धं द्यायचा.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि पाणी सोडलं.

खोकी भिजून फाटली, निळे सेल चिखलात लोळले. कुणी तिला अडवलं नाही, कुणी तिच्याजवळही आलं नाही. मालकांनी दोघांना तिथल्या तिथे काढून टाकलं. टाळं शनिवारची वाट न बघता दुपारीच लागलं.

फाटकाबाहेर बायका तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. एक रडत होती. वहिनी त्यांना वळसा घालून रस्त्याला लागली.

घरी नवऱ्याने उशीवरून मान वळवली. "आज दोघंही लवकर?"

दीर चुलीकडे वळला. वहिनी नवऱ्याच्या पायाशी बसली. चेहरा त्याला दिसू नये म्हणून ती मान खाली घालून पांघरुणाची घडी घालत राहिली.