मामींची ग्वाही

"विटा!" शिंपीणबाई बॅगेत हात घालून म्हणाल्या. "मामी, सगळ्या विटाच आहेत हो!"

मामींनी जाळीतून वाकून पाहिलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार विटा, खाली जुनी चादर. बसस्थानकाच्या सामानघरात सामान घेऊन बिल्ला द्यायचा, बिल्ला घेऊन सामान द्यायचं आणि मधे कोणाचीही बॅग उघडायची नाही, एवढ्यावर मामींनी जन्म काढला होता. त्यामुळे आत काय आहे हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"तुमच्याकडे बॅगा ठेवतात ते साहेब म्हणाले, आत घड्याळं आहेत, माझ्या साखळीच्या दहापट मोलाची. चार दिवस अडचण आहे, साखळी द्या, बदल्यात हा बिल्ला ठेवा. शनिवारपर्यंत उघडू नका म्हणाले होते, पण मला राहवेना."

"आणि तुम्ही दिलीत साखळी?"

"तेच म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवूच नका, मामींना विचारा. मी विचारलं नव्हतं का परवा तुम्हाला?"

विचारलं होतं. आणि मामी ठसक्यात म्हणाल्या होत्या, "बॅग इथेच आहे बाई. माझ्याकडची काडी हलत नाही." या वाक्याचा त्यांना कोण अभिमान! आता मात्र ते आठवून त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. खोटं त्या माणसाचं होतं, पण त्याला खरेपणाचं अस्तर मामींनी लावून दिलं होतं. गेल्या काही महिन्यांत असं सहज म्हणून विचारून गेलेले आणखी किती तरी चेहरे त्यांना आठवले.

साहेब म्हणजे अगदी गोगलगाय नि पोटात पाय. हळू बोलायचा, मामींच्या गुडघ्याची चौकशी करायचा. फसवणारा माणूस गुळगुळीत आणि घाईचा असतो अशी मामींची समजूत. याला कधी घाई नसायची.

शिंपीणबाई डोळे पुसून उठल्या. "जाऊ द्या. साखळी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवली होती. तिला काय सांगायचं ते बघेन. पण पोलिसांत नको. हात दाखवून अवलक्षण! लोक हसतील."

"अहो, त्याचा धंदा विटांवर चालत नाही, तुमच्या लाजेवर चालतो," मामी म्हणाल्या. "बसा त्या बाकावर. तो येणार. शनिवारपर्यंत तो निर्धास्त आहे, आणि माझ्यासारखी खरी बाई त्याला दुसरीकडे मिळायची कुठे?"

दुपारी साहेब आलाच, हातात नवी बॅग घेऊन. शिंपीणबाईंनी पदराने तोंड झाकलं. मामींनी ताकास तूर लागू दिली नाही.

"काय मामी, गुडघा काय म्हणतो?"

"ठणकतोय मेला. साहेब, एक काम सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा की."

"पाच मिनिटं आत बसता? समोरून चहा घेऊन येते. एवढं लोकांचं सामान, कोणावर टाकून जायचं? तुमच्यासारखा माणूस भेटला म्हणून म्हणते."

साहेब खुलला. जन्मभर दुसऱ्यांच्या विश्वासावर जगलेल्या माणसालाही कोणी विश्वास टाकला की बरं वाटतं. शिवाय फसणारी माणसं वेगळ्याच मातीची असतात, अशी त्याची खात्री असणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तसा तो हसत आत जाऊन मामींच्या खुर्चीत बसला.

मामींनी बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि लंगडत पोलीस चौकी गाठली.

हवालदार येईपर्यंत सामानघरापुढे ही गर्दी! चौकशीच्या खिडकीतला कारकूनही उठून आला. जाळीमागे साहेब शांत होता. "गैरसमज झालाय," तो सगळ्यांना समजावत होता. "कोणाचं काय गेलं ते तरी सांगा."

"असल्यांना फसणारे तरी कसे असतात?" कारकून मोठ्याने म्हणाला. "जरा तरी अक्कल नको माणसाला?"

लोक हसले. शिंपीणबाई बाकावर आणखीच आक्रसल्या.

हवालदाराने वही काढली. "तक्रार कोण देतंय? तक्रार नसेल तर सोडावा लागेल याला."

कोणी बोलेना. साहेबाने मामींकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. ही शांतता त्याच्या ओळखीची होती, इथूनच तो दर वेळी सुटत आला असणार.

मामींना पुढे व्हायला जड गेलं. या स्थानकावर त्यांना वेडं बनवणारा अजून जन्माला यायचाय, असं त्या स्वतःच सांगत आल्या होत्या. पण त्या पुढे झाल्या आणि शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी देते. लिहा, मी फसले. या माणसाने मला फसवलं."

"तुमचं काय गेलं, मामी?"

"माझा शब्द गेला. त्याच्या जिवावर हा लोकांना लुबाडत होता."

हसणं थांबलं. शिंपीणबाई पदर सावरून उठल्या आणि मामींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझी साखळी," त्या म्हणाल्या. "सोन्याची. मीच काढून दिली, माझ्या हाताने."

जाळीमागे साहेब पहिल्यांदाच खुर्चीतून उठला.

हवालदार लिहीत होता. चौकशीच्या कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तो गर्दीतून वाट काढत पुढे आला.

"हवालदारसाहेब," तो अगदी हळू म्हणाला, "माझंही लिहून घ्या."