ताटांची वजाबाकी

डॉक्टरांनी सासूबाईंना काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि ऑपरेशनचा कागद बाजूला सारला.

"अडतीस किलो. एवढ्या वजनावर मी खुब्याला हात लावणार नाही. दोन महिन्यांत बेचाळीस करून आणा. रोज सोळाशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत."

ऑपरेशन झालं नाही तर काय, हे विचारायची गरज नव्हती. दोन वर्षं सासूबाई भिंत धरून खुर्चीपासून पलंगापर्यंत जात होत्या, त्यापुढे नाही. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. अर्ध्या शहराला वरखाली नेणारा हा गृहस्थ स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. आईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीसकट उचलायचं. सहा फूट उंची, डोक्यावर टक्कल, तरी आईच्या तोंडी तो अजून छोटूच होता.

सोळाशेचा आकडा सुनेने मनावर घेतला. ती औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात वजनं तपासायची. गोळी केसभर जड निघाली तर अख्खी बॅच परत पाठवणारी बाई, ती सासूच्या बाबतीत अंदाजपंचे कशी वागेल? दुसऱ्याच दिवशी तिने स्वयंपाकघरासाठी काटा आणला.

सासूबाईंच्या दातांनी कधीच राजीनामा दिला होता. त्यामुळे भात आणि मऊ शिजवलेली मिक्स भाजी, हेच त्यांचं जेवण. आता मिक्स भाजीच्या कॅलरी मोजणं हे काय प्रकरण आहे, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. फ्लॉवर नुसता पातेलं अडवतो, देत काही नाही. मटार बरे. बटाटा खरा कमावता. आणि सगळ्यांना मागे टाकतं ते चार चमचे तेल, जे दिसतसुद्धा नाही. शिवाय शिजताना पाणी उडतं आणि वजन बदलतं. म्हणून ती प्रत्येक भाजी चिरून तोलायची, रिकामं पातेलं तोलायची, भरलेलं तोलायची. मग सासूबाईंचं ताट वाढून काट्यावर ठेवायची.

"एकच मिनिट हं आई."

आकडा वहीत जायचा. जेवण झालं की ताटात उरलेलंही तोललं जायचं. सासूबाई हात मांडीवर ठेवून बघत बसायच्या.

पहिल्या दिवशी अकराशे झाले. आठवड्याने हजार. मग नऊशे. सुनेने तेल वाढवलं, तर सासूबाईंनी घास कमी केले. काट्यावरच संशय येऊन तिने तो कारखान्यातल्या वजनांशी ताडून पाहिला. काटा चोख होता.

"आई, तुम्ही मुद्दाम करता का हो?" एकदा ती वैतागून म्हणाली.

"नाही गं. पुरतं मला. म्हाताऱ्या माणसाला लागतं किती?"

वजन साडेसदतीसवर आलं. सून मनातून घाबरली, आणि घाबरली की ती जास्तच मोजायची.

मग एक दिवस कारखान्यात तपासणीला माणसं आली आणि तिला घरी यायला उशीर झाला. छोटूने आईला वाढलं होतं.

"किती खाल्लं त्यांनी?" चपला काढता काढता तिने विचारलं.

"मोजलं नाही बुवा. पण दोनदा मागून घेतलं."

पातेल्याचा तळ दिसत होता. ती तिथेच स्टुलावर टेकली आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एखाद्या घराला नावं ठेवायची झाली तर माणसं काय म्हणतात? तिथे घास मोजतात. याहून वाईट घराबद्दल बोलायचं उरत नाही. आणि ती ते रोज करत होती, तेही वही-पेन्सिल घेऊन, सासूच्या नाकासमोर. शरमेने तिचे कान तापले.

पण आकडा तर हवाच होता. आकड्याशिवाय अंधारात चाचपडत दोन महिने घालवायचे आणि शेवटी डॉक्टरांकडून नकार ऐकायचा, हे तिला झेपणारं नव्हतं.

तोड कारखान्यात सापडली. तिथे एक चिकट पावडर असते. कागदावर घेऊन तोलायला गेलं की कागदालाच बिलगते. म्हणून ती तोलायचीच नाही. बाटली आधी तोलायची, पावडर काढल्यावर पुन्हा तोलायची. जेवढी घट, तेवढी पावडर. हे ती नऊ वर्षं करत होती. घरी करायचं मात्र सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून सासूबाईंच्या ताटाला काटा शिवला नाही. पातेली टेबलावर, डाव त्यांच्या हाताशी, काय हवं ते त्यांनी घ्यावं. सून आपलं आणि नवऱ्याचं ताट आत ओट्यावर, फ्रिजच्या आडोशाला तोलून आणायची. जेवणं झाल्यावर पातेली तोलायची. भरलेल्यातून दोन ताटं वजा, उरलेलं वजा. राहिलं ते सासूबाईंच्या पोटात. छोटूला तिने तोंड बंद ठेवायची तंबी दिली होती.

आकडा चढला. साडेबाराशे, तेराशे. वजन साडेअडतीस झालं. आणि तिथे अडलं. रोज तीनशे कमी पडत होते. अजून घ्या म्हणावं तर बिंग फुटणार, न म्हणावं तर महिनाच उरला होता.

रविवारी दुपारी सासूबाई मीठ घ्यायला म्हणून, कधी नव्हे ते, भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. सून पाठमोरी होती. तिने आपलं ताट काट्यावर ठेवलं, वहीत काहीतरी लिहिलं. सासूबाई आवाज न करता मागे फिरल्या.

सगळे टेबलाशी बसल्यावर त्यांनी तोफ डागली.

"छोट्या, तुझी बायको जेवण मोजून घेते. कधीपासून चाललंय हे?"

"अं? आई, ते..."

"जाड झालीस म्हणालास तिला?"

"मी? मी कशाला म्हणू?"

"दिवसभर उभ्याने नोकरी करते, घरी येऊन तुझं-माझं बघते, आणि तिने चोरून ताट तोलायचं? लाज नाही वाटत? माझ्या सुनेचे घास मोजणारा तू कोण रे?"

छोटूने एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तंबी पाळत होता बिचारा. सुनेला वाटलं, गप्प राहिलं तर सगळं निभावतं. पण त्याची ती टकली मान बघून तिला राहवेना.

"माझे नाही, आई. तुमचे मोजते मी."

तिने वही आणली, सगळं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा लावला. पातेलं, मी, छोटू, उरलं, आणि शेवटच्या रकान्यात आई. एकेक पान उलटून पाहिलं. आता हे पुन्हा नऊशेवर जाणार, सून मनात म्हणाली. आपणच घालवलं सगळं.

"मी नऊ वर्षांची असताना काकांकडे राहायला गेले," सासूबाई वहीकडे बघतच बोलल्या. "काकू भात वाढताना मोठ्याने मोजायची. एक. दोन. मग डाव तसाच हातात धरून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, पुरे."

छोटू आईकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत हे त्याने ऐकलं नव्हतं.

"समोर कोणी मोजायला लागलं की घास उतरतच नाही मला. तू काटा आणलास आणि वाटलं, झालं, हिलाही जड झाले मी."

सुनेचे डोळे भरून आले. "टाकून देते तो काटा. आजच टाकते."

"थांब. काल किती भरले?"

"तेराशे दहा."

"आणि हवे होते?"

"सोळाशे."

"म्हणजे तू रोज बघत होतीस ते कमी किती पडले ते?"

"हो."

"जास्त झाले का, ते नाही?"

"नाही हो आई! जास्त कुठले?"

सासूबाईंनी चष्मा काढला. पदराने काच पुसली, मग डोळेही. मग आपलं ताट सुनेपुढे सरकवलं.

"वाढ. आणि मोठ्याने मोज."

सुनेने भाजीचा डाव भरला. "एक," ती म्हणाली. "दोन."

पुढचा डाव भरला आणि तिचा हात अडला. त्या आकड्यापुढे जायला तिला धीरच होईना. सासूबाई ताटाकडे बघत नव्हत्या, तिच्याकडे बघत होत्या.

"तीन," सासूबाई म्हणाल्या.