न फुटलेला ठोकळा

टक्. घर निजलेलं असलं की दार वाऱ्यानं हलतं आणि माझ्यावर आपटतं. मित्रांनो, मी सिमेंट-खडीचा एक ठोकळा आहे. तसा जुना नाही, पण कोपरे आत्ताच झिजलेत. सिरसाळ्यातल्या एका घरात दार अडवायला मला ठेवलंय.

गावातल्या नव्या शाळेचा स्लॅब पडत होता, तेव्हा त्याच मालातून मला साच्यात भरलं. मी त्या छताचा सख्खा भाऊ. अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून मला फोडायचं आणि त्यावरून छताची ताकद ठरवायची, असा रिवाज. फुटण्यासाठीच जन्मलो, याचा मला अभिमान होता. तिथं शिवकांता होती ना! भाराखाली काँक्रीट कसं दबतं, तडा कुठून सुरू होतो, यावर तिचं संशोधन. फुटलेला तुकडा ती लेकराचं तोंड पुसावं तसा पुसून बघते म्हणे.

पण मी तिच्यापर्यंत पोचलोच नाही. ठेकेदारानं छताच्या मालातलं सिमेंट मारलं होतं. त्यानं भरपूर सिमेंटचा दुसराच ठोकळा केला, त्यावर माझा नंबर घातला. तो नेऊन दिला शिवकांताच्या नवऱ्यानं, मुकादम केदारनाथनं. तिनं विश्वासानं फोडला, पास केला. मी आलो त्यांच्याच घरी, दाराशी.

काल केर काढताना माझा कोपरा तिच्या हातात आला. चिमटीत चुरला, तर नुसती वाळू. मग तिनं नंबर वाचला.

"हा तर मी फोडला होता. तुम्हीच आणून दिलता ना?"

केदारनाथनं दार लोटून घेतलं. "समदेच करतेत. तू तोंड उघडलंस तर पोलीस आदी मलाच नेतील."

मला वाटलं, आता ही मला उचलून यंत्राखाली नेईल. तिनं मला फडक्यानं पुसलं आणि परत दाराशी ठेवलं. ठेकेदाराचं एवढं लागलं नव्हतं मला.

मित्रांनो, तुमच्या प्रत्येक छताला माझ्यासारखा भाऊ असतो. त्याला जपू नका. तुमच्या डोळ्यांदेखत फोडायला लावा.

आज शिवकांतानं लेकीला, अपेक्षाला, पोट दुखतंय असं शाळेत कळवून घरी ठेवलं. शेजारची यशोधरा दप्तर घेऊन हाक मारून गेली. अपेक्षा माझ्यावर बसून तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली,

"आई, शाळंचं छत कच्चं हाय म्हनून तू रात्री पप्पांपुढं रडत होतीस. मग यशोधराला कावून जाऊ दिलंस?"