कडब्याचं गोदाम आणि रामहरीचं नाक

रामहरीचं नाक बंद होऊन तीन वर्षं झाली होती, म्हणजे दुष्काळाला झाली तितकीच. पाऊस गेला तशी खळेगावच्या दूध सोसायटीनं सभासदांच्या जनावरांसाठी ट्रकनं कडबा आणायला सुरुवात केली आणि त्या गोदामावर रामहरीला नेमलं. तेव्हापासून हा माणूस सकाळी आठला शिंकायला लागायचा, तो संध्याकाळी कुलूप लावूनच थांबायचा. तोंडानं श्वास घेऊन घेऊन त्याचे ओठ फुटले होते. कशाचा म्हणून वास येत नव्हता.

त्याचं मागणं एवढंच, की मला गोदामातून काढा आणि दूध संकलनावर द्या. चेअरमन मोहनराव ऐकायला तयार नव्हते.

"शिंका काढून दाखवतूस का बे? तपकीर ओढून येतूस तू."

"आईच्यान न्हाई, अण्णा."

"मग पुरावा आण. न्हाई आणलास तर गप गोदाम सांभाळ, न्हाईतर घरी बस."

घरी बसणं शक्यच नव्हतं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं आणि रामहरीच्या कमरेत वाकून कोयता चालवायचं बळ राहिलेलं नव्हतं. तो मुकाट्यानं वडवणीला गेला. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शिंका खऱ्या की खोट्या यावर वाद घालता येतो. पण नाकातून हवा किती जाते हे मोजता येतं. आधी मोकळ्यावर मोजू, मग अर्धा तास कडब्यात बसवून पुन्हा मोजू. गुरुवारी मीच येते. तोवर गोदामात पाऊल टाकू नका."

आता शहाण्या माणसानं गुरुवारपर्यंत नुसतं बसून राहायचं. पण रामहरीच्या डोक्यात भलतंच शिरलं. एवढी शिकलेली बाई आपल्या गोदामात येणार आणि आत घोटाभर धूळ! त्याची त्यालाच लाज वाटली. आपण तर आत जायचं नाही, म्हणून गुरुवारी सकाळी दारात उभं राहून त्यानं बायकोला, सत्यभामाला कामाला लावलं. तिनं गोदाम झाडलं, पेंढ्या ताडपत्रीनं झाकल्या आणि टँकरच्या पाण्यातल्या दोन घागरी ओतून सडा मारला. वर उंबऱ्यापाशी रांगोळीसुद्धा काढून घेतली या बहाद्दरानं. पाहुणा येणार म्हटलं की आपली माणसं पुरावासुद्धा झाडून टाकतात, याला काय म्हणावं!

डॉक्टरीणबाई आल्या, तसे मोहनराव आणि बरेच सभासदही बघायला जमले. त्यांच्या पिशवीतून वीतभर पारदर्शक नळी निघाली. तिच्या एका टोकाला नाकातोंडावर बसणारा रबरी मुखवटा आणि आत एक लाल खूण. तोंड मिटून नाकानं जोरात श्वास ओढायचा, खूण सरकून थांबेल तो आकडा. बाहेर रामहरीचा आकडा आला एकशे दहा. मग तो गोदामात जाऊन बसला. अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं, तरी एकशे दहाच.

शिंक एकही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शिंकेसाठी देवाची करुणा भाकली, पण नाक साधं चुरचुरलंसुद्धा नाही. मोहनरावांनी जमलेल्या सभासदांकडे बघून मांडीवर थाप मारली. रामहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. संकलनाची जागा गेली, आणि ती आपल्याच हातानं घालवली.

बाईंनी ओल्या जमिनीकडे बघितलं, मग रांगोळीकडे. "इथं रोज असंच असतं?"

रामहरी पायानं रांगोळी पुसायला लागला. सत्यभामाला मात्र राहवलं नाही. "रोज कशाचं, बाई! प्यायला पाणी न्हाई. तुमी येनार म्हणून ह्यांनी मला सकाळधरनं राबवलं."

बाई पोट धरून हसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "ताडपत्री काढा. रोजचं काम चालू द्या. आणि चेअरमनसाहेब, तुम्हीही आत बसा. धूळ एकच, नाकं दोन. बघू काय होतं."

सभासदांसमोर मोहनरावांना नाही म्हणवेना. त्यांचा बाहेरचा आकडा एकशे साठ आला. हमालांनी पेंढ्या आपटायला सुरुवात केली आणि गोदामात समोरचा माणूस दिसेना. रामहरीच्या शिंका लोकांनी चाळीसपर्यंत मोजल्या, मग कंटाळून सोडून दिल्या. अर्ध्या तासानं त्याची खूण पन्नासावरच अडली. मोहनरावांचे इस्त्रीचे कपडे मातीच्या रंगाचे झाले होते, पण आकडा तोच.

"एकशे साठ! बघितलं का? तसूभर हलला न्हाई!" कुस्ती मारल्यासारखे ते सगळ्यांना नळी दाखवत फिरले. बाईंनी दोघांचे आकडे एकाखाली एक लिहून खाली सही केली, तेव्हा रामहरीचं दुखणं खरं असल्याचा पुरावा आपल्याच नाकानं दिला हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस शब्दाला पक्का. "सोमवारपासून दूध घे बे," एवढंच म्हणाले.

संकलनावर दूध मोजण्याआधी कॅनचं झाकण काढून वास घ्यायची रीत. पहिले दोन आठवडे रामहरीच्या वतीनं शेजारी बसणारा हरिबा हुंगायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रामहरीनं सवयीनं झाकण काढलं आणि थबकला. पुन्हा वाकला. ओल्या गोणपाटाचा, शेणाचा, कुणाच्या तरी डोक्यावरच्या तेलाचा, सगळे वास एकदम आले. त्याला इतका आनंद झाला की तो तिसऱ्यांदा वाकला.

कॅन मोहनरावांच्या घरचा होता आणि ते स्वतः पुढ्यात उभे होते.

"कावून एवढा येळ हुंगतूस बे? नाक अजून बंदच हाय का?"

"न्हाई अण्णा, आजच उघडलं," रामहरी आनंदानं म्हणाला. "दूध आंबलंय तुमचं."

कॅन बाजूला सारून त्यानं रांगेतल्या पुढच्या बाईला हाक मारली.