हॅनाच्या हातची पत्रं

"हा शाईचा डाग नाही," मी म्हणाले.

लॉरेल चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागली. ती आमच्या लायब्ररीच्या हस्तलिखित विभागाची प्रमुख. डॉक्टरेट केलेली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आणि मी तिच्या हाताखाली आठवड्यातून तीन दिवस, तासांच्या हिशेबाने, दोनशे वर्षांपूर्वीची पत्रं वाचून कॉम्प्युटरवर उतरवणारी रत्ना.

"कॅटलॉगमध्ये शाईचा डाग म्हणून नोंद आहे," ती म्हणाली.

"मग कॅटलॉग चुकलाय. हे सिल्व्हर नायट्रेट आहे. हे बोटाला लागलं की आधी काही दिसत नाही, उजेडात गेलं की काळं पडतं आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. मी सतरा वर्षं असली बोटं घेऊन भाकरी थापल्यात."

इंग्रजीत भाकरीचं काय करायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी 'ब्रेड' म्हटलं. लॉरेलला तेवढं पुरलं.

आता ही मिरजेची बाई इथे कशी, ते सांगते. मिरजेत मी गुरुनाथ डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, आणि एकाचं अक्षर दुसऱ्याला लागेल तर शपथ! ते सगळं मला लागायचं. पुढे आमच्या ह्यांना, प्रतापना, औषध कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही इथे अमेरिकेत, कॅरीला आलो. सात वर्षं मी घरात बसून लोणची घातली. मग एक दिवस जाहिरात दिसली, जुनी अवघड अक्षरं वाचणारी माणसं हवीत. इंटरव्ह्यूला त्यांनी एक कागद पुढे ठेवला. पूर्वी टपालाचे पैसे पानांच्या हिशेबाने असत आणि ते पत्र घेणाऱ्याला भरावे लागत, म्हणून काटकसरी लोक पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. बाकीचे उमेदवार घामाघूम झाले. मी चहा घेत घेत वाचून दाखवलं.

तर यंदा आमच्यापुढे आली आयझॅक हॉबसनची पत्रं. हा इथल्याच एका खेड्यातला शाळामास्तर. झाडं, शिंपले गोळा करायचा आणि फिलाडेल्फियातल्या एका रसायनवाल्या मित्राला लिहायचा. १८२१ मध्ये घोड्यावरून पडून त्याचा उजवा हात कायमचा गेला. त्यानंतरची एकतीस पत्रं त्याची बायको हॅना हिच्या अक्षरात आहेत, खाली सही म्हणून नुसतं 'आय. हॉबसन'. त्यांत झाडंही आहेत, पण निम्म्याहून जास्त मजकूर झऱ्याच्या पाण्याचा. कुठल्या पाण्यात मीठ किती, चुना किती, लोह किती. त्या पाण्याच्या कामामुळेच त्याला आज विचारतात. नवरा बोलला, बायकोने लिहिलं, असं सगळे अभ्यासक समजून चालले होते. लायब्ररीत या पत्रांचं प्रदर्शन भरणार होतं, त्याचं पुस्तक गुरुवारी छापायला जाणार होतं, आणि त्यात हॅनासाठी एक ओळ होती: 'पतीची लेखनिक'.

त्या ओळीने माझं डोकं फिरलं होतं.

लॉरेल माणूस म्हणून चांगली. तिने तो कागद खालच्या प्रयोगशाळेत पाठवला. कागदाला हात न लावता त्यात कुठला धातू आहे ते सांगणारं मशीन आहे तिथे. अक्षरांत लोखंड सापडलं, त्या वेळच्या शाईत ते असायचंच. डागात सापडली चांदी. पाण्यात मीठ किती ते बघायला सिल्व्हर नायट्रेटचेच थेंब टाकतात. मग मी बाकीची पत्रं काढून दाखवली. हॅनाच्या एकतीस पत्रांपैकी अकरांवर तसाच काळा अंगठा. घोड्यावरून पडण्याआधीच्या आयझॅकच्या पत्रांवर एकही नाही.

"म्हणजे ती त्याला मदत करत होती," लॉरेल म्हणाली. "बाटल्या धुणं, थेंब टाकणं. आपण 'लेखनिक आणि साहाय्यक' करू."

"आणि ही खाडाखोड?" मी पत्र पुढे सरकवलं. "आधी मिठाचं वजन अकरा ग्रेन लिहिलंय, मग खोडून नऊ केलंय. कडेला म्हटलंय, गाळायचा कागद नीट वाळला नव्हता, पुन्हा करून पाहिलं. लॉरेल, ऐकून लिहिलेल्या कागदावरची खाडाखोड कानाची असते. ही डोक्याची आहे."

"तो शेजारी उभा राहून सांगत असेल."

"असेल, असेल! असेल म्हणून तो लेखक आणि असेल म्हणून ती मोलकरीण?"

लॉरेलने पेन खाली ठेवलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "रत्ना, राग मानू नकोस. तूही एका डॉक्टरांच्या हाताखाली होतीस. तुला हिच्यात स्वतःला तर दिसत नाही ना?"

माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. पण प्रश्न खोटा नव्हता, म्हणून सरळ उत्तर दिलं.

"गुरुनाथ डॉक्टरांना शेवटची सहा वर्षं कंपवात होता. त्यांची सगळी पत्रं, सगळे रिपोर्ट मी लिहिलेत. त्यातला एक शब्द माझा नव्हता. ते बोलायचे, मी लिहायची. मी हात होते आणि मला त्याची लाज नाही. म्हणूनच सांगते, ही बाई हात नाही."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पण प्रदर्शनाच्या समितीपुढे विश्वास चालत नाही. गुरुवारच्या आत कागद दाखव."

सोमवार होता तो.

घरी जेवताना आमचे हे त्या विषयावर आलेच. "कॅटलॉग त्यांचा, लायब्ररी त्यांची. तू कशाला अंगावर ओढून घेतेस? जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय तुझं. उगाच आपलं नाव खराब करून घेशील."

"अहो, नाव खराब व्हायला आधी ते कुठेतरी असावं लागतं."

"आई, दॅट्स सो अनफेअर टू हर," आमची सिया म्हणाली. ती बारावीत आहे. तिला कशावरून काय चाललंय ते निम्मंच माहीत होतं, पण बाजू बरोबर निवडली.

"बघा, पोरीला कळतंय."

"पोरीला नोकरी नाहीये," हे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. त्यांचंही खोटं नव्हतं. मला ती नोकरी हवी होती. सात वर्षं लोणची घातलेल्या बाईला नोकरी म्हणजे काय, ते पगाराच्या आकड्यात मावत नाही.

मंगळवारी आणि बुधवारी माझी ड्यूटी नव्हती. तरी गेले. सगळी पत्रं पुन्हा वाचली, हाताला काही लागलं नाही. बुधवारी दुपारी शेवटचा फोल्डर उघडला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'वाचता येत नाही, तारीख नाही.' आत एकच कागद. वेड्यावाकड्या, पडलेल्या, मध्येच मोठ्या, मध्येच बारीक झालेल्या सात ओळी. खाली तीच सही, पण शेवटची दोन अक्षरं कागदाबाहेर गेलेली.

आजवर ज्यांनी ज्यांनी हा संग्रह चाळला, त्यांनी तो कागद बघून बाजूला ठेवला असणार. मी मात्र तो उजेडात धरला. हे अक्षर मला नवं होतं, पण असली ओळ नवी नव्हती; उजवा हात प्लास्टरमध्ये असलेले पेशंट दवाखान्यात असंच लिहायचे. माणूस सवयीचा नसलेला हात वापरतो तेव्हा अक्षर असं उलट्या बाजूला कलतं. आयझॅकने हे डाव्या हाताने लिहिलं होतं. बायको घरात असताना या माणसाने डाव्या हातात पेन का धरावं?

पहिली ओळ लागायला तास गेला. एकदा त्याचा 'एच' ओळखीचा झाल्यावर मात्र बाकीचं भराभर लागत गेलं. पाच वाजता मी लॉरेलच्या खोलीत गेले. कागदाची प्रत आणि माझं वाचन तिच्यापुढे ठेवलं. ती दोन्हींवर बोट ठेवून एकेक शब्द ताडून बघायला लागली. त्यात लिहिलं होतं ते मराठीत सांगायचं तर असं:

'मित्रा, तू पाठवलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या पोचल्या. त्या न उघडता परत पाठवत आहे. हॅनाला जाऊन आज एक महिना झाला. या घरात आता पाणी तपासणारं कोणी नाही. तू जे प्रश्न विचारायचास त्यांची उत्तरं तीच देत असे, आणि माझ्या नावाने देत असे, तिची तशीच इच्छा होती. झाडांविषयी काही विचारायचं असेल तर जरूर लिही. तेवढं मला येतं.'

लॉरेलने दोनदा वाचलं. मग उठून खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही, खोटं कशाला बोलू? पण तीन आठवडे मी ज्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होते, त्याने सगळं कधीचंच कबूल करून ठेवलं होतं. डाव्या हाताने, एकेक अक्षर ओढत. फक्त ते कोणी वाचलं नव्हतं.

तिने फोन उचलला. छापखान्याला दोन दिवस थांबायला सांगितलं. समितीतल्या कुणाला तरी म्हणाली, "नाही, मदतनीस नाही. पाण्याचं सगळं काम तिचं. हो, पुरावा आहे. आमच्या रत्नाने वाचलाय." फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"मग आयझॅकचं नाव काढून टाकायचं?"

"छे! झाडांची पत्रं त्याचीच आहेत. तिथे असू दे, ठळक."

तिने मान हलवली आणि लिहून घ्यायला लागली.

मी गाडीत येऊन बसले, पण किल्ली लगेच फिरवली नाही. मला तो माणूस दिसत होता. एका हाताने परतीची पेटी भरणारा, आणि तीन बाटल्या भरलेल्याच पुन्हा गवतात गुंडाळून ठेवणारा.