मेढ्याच्या शाळेतली संगमरवरी पाटी

मित्रांनो, मी मेढ्याच्या शाळेत पाण्याच्या टाकीवर बसवलेली एक जुनी पाटी आहे. एक नाव सांभाळायचं, एवढंच माझं काम होतं. तेही मला धड जमलं नाही.

मी या मुलखातली नव्हे. इथला दगड काळा, लाव्हारसाचा, हाडाचा टणक. मी राजस्थानातली, मूळची चुनखडक. जमिनीखाली खोल गाडली गेले, उष्णता आणि दाब सोसला, माझा कण न् कण नव्याने जुळला आणि मी संगमरवर झाले. मला उन्हात निरखून पाहा, साखरेसारखे दाणे चमकतात. ही माझी एक खूण. दुसरी खूण वेळेवर कुणी सांगितली नाही.

कडेगावच्या इमामभाई पाथरवटांनी माझ्यावर 'क्रांती' हे नाव कोरलं. क्रांतीबाई याच शाळेत शिकवायच्या. तापाचं निमित्त झालं आणि ऐन तिशीत गेल्या. त्यांच्या आईनं, अंबूबाईंनी, लेकीच्या आठवणीसाठी ही टाकी बांधून दिली. अंबूबाईंना वाचता येत नाही. त्या येत, अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवत आणि लेकीला भेटून जात.

दर अमावास्येला घरची तांब्यापितळेची भांडी घासून झाली, की उरलेली लिंबं घेऊन त्या मला घासायला येत. त्यांच्या घरचा पाटा, उंबरा, सगळा काळा दगड. त्याला काहीही लावा, ढिम्म फरक पडत नाही. माझ्यावर मात्र बारीक फेस येई.

"बगा, कसा मळ निघतोय!" त्या हरखून म्हणत.

मळ कसला, मीच निघत होते! पण दगडाला वाचा कुठली?

बारा वर्षांनी इमामभाई मेढ्याला आले. माझ्यावर हात ठेवताच त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, लिंबू लावता व्हय हिला?"

"लावते की. का रं?"

"आवं, ह्यो काळा दगड न्हाई, संगमरवर हाय. आंबट लागलं की फसफसतो, झिजतो. तीच त्याची वळख. तवाच सांगायला पायजे हुतं. माजंच चुकलं."

अंबूबाईंनी बोट लावलं. पहिलं अक्षर कसंबसं सापडलं, दुसरं सापडेना.

"म्हंजे माज्याच हातानं पुसलं म्या तिला," असं म्हणून त्या टाकीच्या पायरीवर बसून राहिल्या.

इमामभाईंनी त्याच दिवशी नाव पुन्हा खोल कोरलं. आता अंबूबाई साध्या पाण्यानं, लांबूनच मला धुतात. बोट मात्र लावत नाहीत. झिजंल, म्हणतात.

मित्रांनो, दगड घासण्याआधी त्याची जात ओळखा. आणि अंबूबाई भेटल्या तर त्यांना माझा एवढा निरोप द्या: आईच्या बोटानं संगमरवर झिजत नाही.