टेनिसचा आठवडा आणि हम्मादीचा माग

ऑक्टोबरमधल्या त्या आठवड्याचं वेळापत्रक जकीयाने जूनमध्येच आखायला घेतलं होतं. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवताना सगळ्या वर्गांचं वेळापत्रक तिच्याच गळ्यात पडायचं. निवृत्तीनंतर ती समुद्रकाठच्या महदिया गावातल्या टेनिस क्लबची चिटणीस झाली आणि हेही काम आपसूक तिच्याकडे आलं. बाहेरून सात संघ येणार होते, आठवा घरचा. प्रत्येक संघात दोन पुरुष, दोन बायका. सगळी पंचावन्नच्या पुढची, सगळी हौशी. क्लबकडे लाल मातीची कोर्टं चारच. सहा दिवसांत प्रत्येक संघाच्या चार लढती बसवायच्या, मधे एक दिवस विश्रांती द्यायची आणि उरलेल्या वेळात पाहुण्यांना फिरवून आणायचं, असा तो हिशेब होता. जेवणाच्या टेबलावर तिने मोठा कागद पसरला आणि पेन्सिलीने चौकटी आखल्या. पुढचे तीन महिने ती स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवली.

सप्टेंबरमध्ये सगळं जमून आलं तेव्हा क्लबचे अध्यक्ष सी तिजानी कागद बघायला घरी आले. त्यांचं पूर्वी औषधाचं दुकान होतं आणि गाव त्यांना मानाने 'सी' म्हणे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सोमवारपासून शनिवारपर्यंत बोट फिरवलं.

"यात रेशीम कुठे आहे?"

"मासळीबाजार आहे, कैरुआनची मशीद आहे, अल-जेमचं रोमन काळातलं दगडी रिंगण आहे. अजून किती कोंबू? त्यांचे गुडघे साठीचे आहेत, सी तिजानी."

"माग बसून बघायचा असतो. गुडघ्यांचा काय संबंध? लोक महदियाला येणार आणि माग न बघता जाणार? मग टेनिस काय त्यांना घरी खेळता येत नव्हतं?"

"बारा माणसं मावतील असा माग जुन्या गावात आता एकाच ठिकाणी उरलाय."

"म्हणून तर तुला सांगतोय. मी गेलो तर तो मला दारातूनच वाटेला लावेल."

"आणि मला काय गालिचा अंथरेल?"

"तू बहीण आहेस," सी तिजानी म्हणाले आणि चहाचा पेला उचलला.

विणकर हम्मादी जकीयाचा थोरला भाऊ. नऊ वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. गाव एवढंसं, त्यामुळे रस्त्यात गाठ पडायचीच. मग तो दुकानाच्या पाटीकडे बघायचा आणि ती पिशवीत काहीतरी शोधायची.

नऊ वर्षांपूर्वी जकीया सूसला एका स्पर्धेत खेळत होती. आई आजारी होती, पण बरी दिसत होती. त्या दिवशी आईजवळ हम्मादी राहणार होता. दुसऱ्या सेटमध्ये बाजू बदलताना जकीयाने पिशवीतला फोन पाहिला. हम्मादीचा फोन येऊन गेला होता. संपवून करू, असं म्हणून ती परत कोर्टवर गेली. सामना आणखी चाळीस मिनिटं चालला आणि ती जिंकली. फोन केला तेव्हा आई गेलेली होती. घरी पोचल्यावर, सगळे नातेवाईक बसलेले असताना, हम्मादी म्हणाला, "शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. आणि तू तिकडे चेंडू मारत बसलीस." त्यानंतर जकीयाने सामना असा कधी खेळला नाही. दुसऱ्यांचे लावून दिले.

सी तिजानी गेल्यावर ती दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गावात गेली. हम्मादी मागावर होता. त्याने पाय थांबवले नाहीत.

"कामासाठी आलेय," ती दारातूनच म्हणाली.

"बस म्हटलं नाही मी."

"उभीच आहे." तिने पाहुण्यांचं सांगितलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता, बारा माणसं, तासभर.

धोटा दोनदा इकडून तिकडे गेला. "तेरावा आला तर बाहेर उभा राहील. धोट्याला हात लावायचा नाही. आणि त्यांच्याशी बोलणार कोण? मला त्यांची भाषा येत नाही."

"मी आहे."

"म्हणजे तू पण येणार."

"म्हणजे मी पण."

"मग तेरा झाले की," हम्मादी म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

आठवडा सुरू झाला. स्लोव्हेनियाचे चौघे स्वतःचा मध घेऊन आले. अल्जीरियातल्या ओरानचा संघ पहिल्या दिवसापासून असा मोठ्याने हसत होता की शेजारच्या कोर्टवरचे दोनदा थांबले. सोमवार नीट पार पडला. मंगळवारी दुपारी पाऊस आला आणि तीन महिन्यांच्या बेतावर पाणी पडलं. कोर्टांची देखभाल करणारे म्हातारे अम्म खमैस, म्हणजे खमैसकाका, मातीत अंगठा रुतवून बघत होते.

"बुधवारी दुपारपर्यंत दोनच कोर्टं देतो. चार मागशील तर रोलर माझ्या अंगावरून फिरव."

"अम्म खमैस, सकाळच्या सहा लढती मी कुठे ठेवू? डोक्यावर?"

"तुझं डोकं मोठं आहे, मावतील."

तिने कागद खोडून पुन्हा मांडला. गुरुवारी सगळ्यांना खेळावं लागणार होतं, म्हणजे माग आणि अल-जेम बुधवारी. हम्मादीला फोन करणं आलं. नंबर तिला पाठ होता.

"गुरुवार म्हणाली होतीस."

"पाऊस पडला."

"माझ्या मागावर नाही पडला," तो म्हणाला. आणि मग, "या."

बुधवारी दहा वाजता तीन संघांची बारा माणसं हम्मादीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. त्याने लग्नाच्या वस्त्राची पट्टी विणून दाखवली, जरीचा धागा कुठून फिरतो ते दाखवलं. पाहुणे विचारायचे, जकीया अरबीत सांगायची. तो बोलायचा, ती इंग्रजीत सांगायची. शाळेत तास घेतल्यासारखी तिला लय सापडली. त्याचं प्रत्येक वाक्य ती डोळे न उचलता पलीकडे पोचवत होती.

आयरिश संघात ऊना नावाची एक निवृत्त परिचारिका होती. सरळ विचारणारी बाई. तिने विचारलं, हे रंग कोण निवडतं?

"आमची आई निवडायची," हम्मादी म्हणाला. "ती गेल्यापासून तिचेच वापरतो. नवीन सुचत नाहीत."

ऊना हळहळली. तिचीही आई याच वसंतात गेली होती, असं ती म्हणाली आणि मग तिने विचारलं, शेवटी तुम्ही जवळ होतात का?

जकीयाने प्रश्न अरबीत सांगितला. सांगून झाल्यावर आपण कोणाला काय विचारलं ते तिच्या लक्षात आलं.

हम्मादी धोटा हातात धरून होता. तो ऊनाकडे बघत म्हणाला, "नाही. इथे होतो. एका नवरीचं वस्त्र द्यायचं होतं, म्हणून तासाभरासाठी आलो आणि तीन तास लागले. शेजारणीला ती सापडली तेव्हा थंड झाली होती. जवळ कोणीच नव्हतं."

सगळे जकीयाकडे बघत होते. तिने इंग्रजीत सांगितलं, शब्द न शब्द. शेवटचं वाक्यही सांगितलं. ऊनाने उठून हम्मादीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला.

पाहुणे बाहेर पडले तसा तो म्हणाला, "जकीया, थांब."

"बाहेर बस उभी आहे," ती म्हणाली आणि गेली.

अल-जेमला पोचल्यावर तिने माणसं मोजली. एकदा अकरा भरली, एकदा तेरा. तिसऱ्यांदा ती मोजायला गेली नाही. पाहुणे रिंगणाच्या वरच्या कमानींमध्ये चढून फोटो काढत होते. ती खाली एका दगडावर बसली. आई तिचं नाव घेत होती, हे ती नऊ वर्षं रोज ऐकत आली होती. भांडी घासताना, वेळापत्रक आखताना. आता ते नाव कुणी घेतलंच नव्हतं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना. ऊन मात्र छान पडलं होतं.

गुरुवारची शेवटची लढत संपल्यावर, कोर्टच्या मातीने लाल झालेल्या बुटांनीच ती त्याच्याकडे गेली. या वेळी आत जाऊन बसली.

"तू फोन केलास तेव्हा ती गेलेली होती."

"दोन तास झाले होते."

"आणि तू मला सगळ्यांसमोर बोललास."

"बोललो."

"नाव घेत होती म्हणालास. ते कशाला? नुसतं ओरडला असतास तरी मी ऐकून घेतलं असतं."

हम्मादीने हात मांडीवर ठेवले. "सगळे माझ्याकडे बघत होते, तू कुठे होतास म्हणून. तेवढ्यात तू दारातून आलीस, हातात ती टेनिसची पिशवी. तोंडातून निघून गेलं. शेजारीण ऐकत होती, पण तिने मला उघडं पाडलं नाही. मग परत कसं घ्यायचं ते कळेना. एक वर्ष झालं, दोन झाली. मग तर आणखीच अवघड."

"नऊ झाली, हम्मादी. नऊ."

"मला मोजता येतात."

"ओरडावंसं वाटतंय मला तुझ्यावर."

"ओरड. माग बंद आहे."

ती ओरडली नाही. बुटांवरची सुकलेली माती नखाने खरवडत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "याची माफी आज मिळणार नाही. कधी मिळेल तेही सांगत नाही. पण पुढच्या शुक्रवारी घरी जेवायला ये. मासा तू आण."

"कुठला?"

"चांगला," ती म्हणाली.

शनिवारी शेवटची लढत स्लोव्हेनिया आणि ओरान यांच्यात झाली. एकेरीत बरोबरी झाली होती. मिश्र दुहेरीत ओरानवाले जिंकले आणि हरलेल्यांना मिठी मारून रडले. घरचा संघ सहावा आला. सी तिजानींनी भाषणात रेशमाचं श्रेय स्वतःकडे घेतलं. रविवारी पाहुणे गेले. निघताना ऊनाने जकीयाला विचारलं, तू स्वतः का खेळत नाहीस? जकीया म्हणाली, पुढच्या वर्षी बघू, आणि त्याच संध्याकाळी तिने सी तिजानींना कळवलं की पुढच्या वेळी वेळापत्रकाचं दुसऱ्या कोणीतरी बघावं, तिचं नाव संघाच्या निवडीसाठी धरावं.

शुक्रवारी नमाजानंतर हम्मादी आला. मोठा मासा होता, डोळे चकचकीत. दारात तो जरा घुटमळला, कारण नऊ वर्षांत पायरी बदलली होती. जकीयाने माशाचं कुसकुस केलं, वाफवलेल्या रव्यावर रस्सा ओतून. त्याने पहिल्याच घासाला सांगितलं की मिरची कमी आहे. तिने मिरचीचं वाटण त्याच्याकडे सरकवलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा तिने विचारलं, "त्या सकाळी काय करत होती ती? तू निघालास तेव्हा."

"मटार सोलत होती," हम्मादी म्हणाला. "मांडीवर ताट. मला म्हणाली, लवकर ये, जकीयाही संध्याकाळी येईल, सगळ्यांना पुरेल असं करते."

"किती सोलले होते?"

"अर्धे," तो म्हणाला. "उरलेले शेजारणीने सोलले."

जकीयाने मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.